चार खुर्च्या, एक सीपीयू आणि चावी कोणाकडे

आमच्या नागपुरातल्या मानेवाड्याकडच्या एका अभ्यासिकेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर महिनाभरापासून एकच भांडण चालू आहे, आणि ते इतक्या भलत्या मुद्द्यांवर चालू आहे की शेवटी राहवलं नाही म्हणून हे लिहून राहिलो. विषय साधा. हॉलमध्ये बारा जागांची कॉम्प्युटर लॅब करायची, पैसे काही वर्गणीचे, काही देणगीचे, आणि कोणीतरी सुचवलं की बारा वेगळे सीपीयू घेण्यापेक्षा तीन दमदार मशीन घ्या आणि एकेका मशीनवर चार-चार जण बसवा. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस प्रत्येकाचा वेगळा, स्क्रीनवरचा डेस्कटॉपही ज्याचा त्याचा, फक्त टेबलाखालचा डबा एकच. झालं, दुसऱ्या मिनिटाला एका काकांचा मेसेज, "म्हणजे आपल्या पोरांनी उष्टा कॉम्प्युटर वापरायचा का?" आणि तिसऱ्या मिनिटाला समोरच्या पार्टीची एक्सेल शीट, बघा किती पैसे वाचतात. तेव्हापासून एकीकडे अब्रू आणि दुसरीकडे शीट.

माझं मत आधीच सांगून टाकतो. एक मशीन चौघांत वाटायला माझा पाठिंबा आहे, पण शीटवाल्यांच्या कारणासाठी नाही. खरेदीत जे वाचतं ते आजकाल फार नाही. वाचतं ते पुढची पाच वर्षं सांभाळण्यात, आणि तेही तेव्हाच जेव्हा सांभाळणारा एक माणूस नावानिशी ठरलेला असतो. तो ठरत नसेल तर बारा वेगळे डबे घ्या आणि मोकळे व्हा. मी चौदा-पंधरा वर्षं नागपुरात शाळा, क्लासेस, छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर दुरुस्त करतो, दोन्ही प्रकारच्या लॅब उभ्या राहताना पाहिल्या आणि दोन्ही प्रकारच्या मेलेल्याही पाहिल्या, त्यातून आलेलं हे मत आहे.

आता पहिली गंमत म्हणजे ग्रुपवर ज्याला सगळे 'व्हर्च्युअल' म्हणून राहिले त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येक जण आपल्या सोयीची पकडून भांडतो. नागपूरच्या महाल भागातला जुना वाडा डोळ्यासमोर आणा. एका प्रकारात वाड्यात स्वयंपाकघर एकच, चार बिऱ्हाडं, प्रत्येकाची खोली वेगळी. म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम (विंडोज किंवा लिनक्स असते ती) एकच आणि तिच्यात चार जण एकाच वेळी लॉगिन, याला मल्टीसीट म्हणतात, आजच्या बहुतेक लिनक्समध्ये याची सोय आतच असते. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतःचं स्वयंपाकघर, स्वतःचं दार, फक्त पाया आणि छप्पर सामाईक. म्हणजे एका मशीनवर चार व्हर्च्युअल मशीन, प्रत्येकात वेगळी ऑपरेटिंग सिस्टीम, आणि खरं व्हर्च्युअलायझेशन हे. तिसऱ्यात तुम्ही राहता एकीकडे आणि वाडा दुसरीकडे, टेबलावर एक छोटी डबी आणि खरं काम नेटवर्कपलीकडच्या सर्व्हरवर, तो थिन क्लायंट. आता कोणी म्हणतो "कीबोर्ड दाबला की अक्षर उशिरा येतं", ते तिसऱ्या प्रकारात नेटवर्क भंगार असेल तर खरं आहे, पहिल्यात नाही, कारण तिथे कीबोर्ड थेट त्याच मशीनला लागलेला असतो. कोणी म्हणतो "एकाने सिस्टीम बिघडवली की चौघांची गेली", ते पहिल्या प्रकाराला बऱ्यापैकी लागू आहे, दुसऱ्यात एकाची सिस्टीम झोपली तर बाकी तिघांना पत्ताही लागत नाही. कोणता वाडा ते आधी ठरवा, मग भांडा ना भाऊ.

आमच्या लॅबच्या कामाला, म्हणजे फॉर्म भरणं, पीडीएफ वाचणं, टायपिंग, व्हिडिओ लेक्चर, एवढ्याला पहिला प्रकार पुरतो असं माझं म्हणणं आहे, आणि यापुढे 'वाटून' म्हणेन तेव्हा मुख्यतः तोच डोक्यात ठेवा.

आता उष्ट्याचा मुद्दा. हसण्यावारी नेऊ नका, त्यात दम आहे. सरकारी शाळेतल्या पोराला नेहमी वाटूनच मिळतं, पुस्तक वाटून, बेंच वाटून, मास्तरसुद्धा दोन वर्गांत वाटून, त्यामुळे 'शेअर' शब्द ऐकला की आईबापांच्या कपाळावर आठी येते, ती उगाच नाही येत. आणि इतिहासही त्यांच्याच बाजूने बोलतो असं वाटू शकतं. एसटीडी-पीसीओचे पिवळे बोर्ड आठवा, अख्ख्या मोहल्ल्यात एक फोन, दर कमी व्हायची वाट बघत रात्री उशिरा लागलेली रांग, काचेच्या खोक्यात घामाघूम होऊन मीटरकडे बघत बोलणं. खिशात मोबाईल आला आणि बूथ पार पुसले गेले. म्हणजे परवडलं की माणूस वाटणं सोडतो, हे मान्य. पण अभ्यासिकेच्या लॅबमध्ये कोणाच्या खिशात काय येणार आहे? बारा खुर्च्यांवर दिवसभरात साठ-सत्तर पोरं आळीपाळीने बसणार, बारा डबे घेतले तरी एकही डबा कोणाच्या मालकीचा होणार नाही, सकाळी जिथे एक बसला तिथेच दुपारी दुसरा. उष्टं तेव्हाही उष्टंच की! फरक एवढाच की एका मशीनवर एकामागून एक बसायचं का एकाच वेळी चौघांनी बसायचं.

शिवाय कॉम्प्युटर वाटून वापरणं ही गरिबांसाठी काढलेली युक्ती आहे हे कोणी सांगितलं? १९६१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या टीमने टाइम शेअरिंगचं प्रात्यक्षिक दाखवलं, एक मशीन, त्याला जोडलेली अनेक टर्मिनल, प्रत्येकाला वाटतं मशीन आपलंच आहे. दहा-अकरा वर्षांनी, १९७२ मध्ये, आयबीएमने व्हीएम/३७० आणलं, त्यात एका मोठ्या मशीनच्या पोटात प्रत्येक वापरणाऱ्याला जणू अख्खं वेगळं मशीन मिळायचं. तेव्हा हे वाटून वापरणारे जगातल्या सगळ्यात श्रीमंत संस्थांमधले लोक होते. मग मधे पीसीचा जमाना आला, ज्याचा त्याचा डबा, आणि आता परत फिरून सगळं वाटलेलंच आहे. काकांनी ज्या ईमेलवरून कमिटीला निषेधाचं पत्र पाठवलं तो ईमेल ज्या सर्व्हरवर आहे तो काय काकांच्या एकट्याचा आहे?

बरं, चौघांना एक मशीन पुरतं का? ग्रुपवर यावर कोणी मोजून बोलत नाही, सगळे अंदाजपंचे. मोजायला फार अक्कल लागत नाही, कोणी फॉर्म भरत बसला असेल तेव्हा त्याच्या कॉम्प्युटरवर मशीन किती राबतंय ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडून बघा, सीपीयूचा (इथे डबा नाही, त्यातला प्रोसेसर) आकडा बहुतेक वेळ तळाशी लोळत असतो, कारण माणूस विचार करतो, आधार नंबर शोधतो, फोटो किती केबीचा पाहिजे ते वाचतो, आणि मशीन त्याची वाट बघत बसलेलं असतं. टाइम शेअरिंगची सगळी किमया या रिकाम्या वेळेवरच उभी आहे. रॅमचं, म्हणजे उघडलेलं काम ठेवणाऱ्या तात्पुरत्या मेमरीचं, मात्र तसं नाही. सीपीयू आळीपाळीने वाटता येतो, रॅम प्रत्येकाला एकाच वेळी लागते, आणि ब्राउझरचे वीस टॅब उघडणारा एक जण चौघांचा वाटा खाऊन टाकतो. त्यामुळे चौघांना १६ जीबी म्हणजे ओढाताण, ३२ घ्या आणि प्रत्येकाला मर्यादा घालून द्या. हार्ड डिस्क जुन्या फिरत्या प्रकारची असेल तर विषयच सोडा, सकाळी चौघांनी एकदम लॉगिन केलं की ती घर्रघर्र करत बसते, न फिरणारी एसएसडीच पाहिजे. आणि ज्यावर शीटवाले मूग गिळून बसलेत तो खर्च म्हणजे ग्राफिक्सचा. लिनक्सवर साधारणपणे प्रत्येक सीटला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं, साध्या मदरबोर्डवर एवढे स्लॉट नसतात, यूएसबीवर चालणारे अॅडॅप्टर मिळतात पण व्हिडिओला ते दमतात. यूएसबी २ ची केबलही नियमाप्रमाणे पाच मीटरच्या पुढे चालत नाही, म्हणजे चारही खुर्च्या डब्याभोवतीच पाहिजेत. हे सगळं धरलं की शीटमधली बचत बरीच आटते.

आणि समोर पर्याय काय आहे? कंपन्यांमधून निघालेले जुने ब्रँडेड डेस्कटॉप. सीताबर्डीच्या बाजारात चक्कर मारा, ढीग लागलेत. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला, विंडोज ११ जुन्या प्रोसेसरवर नियमाने चढत नाही, त्यामुळे अजून दहा वर्षं चालतील असे डबे ऑफिसांनी बाहेर काढले. लिनक्स टाकलं तर ते मस्त पळतात. म्हणून म्हणतो, पंधरा-वीस वर्षांपूर्वी "वाटून घ्या, स्वस्त पडतं" हा मुद्दा जेवढा वजनदार होता तेवढा आज नाही.

लायसन्सचं भांडणही विरोधकांनी बरोबर पकडलंय. घरगुती किंवा प्रो विंडोजचं लायसन्स एका वेळी एकाच माणसाने वापरायचं असतं. इंटरनेटवरून काहीतरी पॅच मारून त्यावर चौघं बसवणं म्हणजे लायसन्स मोडणं, सरळ आहे. चार व्हर्च्युअल मशीन केल्या तर प्रत्येकीला वेगळं लायसन्स. मायक्रोसॉफ्टने शाळांसाठीच मल्टीपॉइंट सर्व्हर नावाची चीज काढली होती, २०१० ची पहिली आवृत्ती, एका मशीनवर अनेक सीट, पुढे ती विंडोज सर्व्हर २०१६ मध्ये घातली आणि २०१९ च्या आवृत्तीतून काढून टाकली. ज्या शाळा त्यावर विसंबल्या त्यांनी काय करायचं? तेव्हा वाटून वापरायचं तर लिनक्सवर, आणि टॅलीसारखं ज्यांना विंडोजशिवाय जमतच नाही त्यांच्यासाठी दोन जागा वेगळ्या ठेवा, लायसन्ससकट. बारापैकी दहा वाटलेल्या, दोन सुट्या. यात कोणाची अब्रू जात नाही.

आता सगळ्यात तगडा मुद्दा, एक डबा बसला की चार खुर्च्या बसल्या. हा मी भोगलाय. काही वर्षांपूर्वी एका ठिकाणी (नाव नको) मीच चार सीटचं एक मशीन लावून दिलं होतं. एका भरतीच्या फॉर्मची शेवटची तारीख, मे महिना, दुपारचे तीन, लाइट गेली-आली आणि फट्ट करून आवाज, एसएमपीएस, म्हणजे डब्याला वीज पुरवणारा भाग, उडाला. चार स्क्रीन एकदम काळ्या. चौघांचे अर्धे भरलेले फॉर्म गेले, त्यातल्या एका मुलीचं पेमेंट मधेच लटकलं. मी एसएमपीएस घेऊन पोचेपर्यंत संध्याकाळचे सहा वाजले, तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला आजही आठवते, आणि चूक माझीच होती, यूपीएस मी हलका लावला होता आणि जादा एसएमपीएस तिथे ठेवला नव्हता.

तरीही मी वाटण्याच्या बाजूने का? हिशोब करून बघा. प्रत्येक डबा सारख्याच प्रमाणात बिघडतो असं धरा. बारा डबे असतील तर बिघाड चौपट वेळा होणार, पण प्रत्येक वेळी एकच खुर्ची जाणार. तीन डबे असतील तर बिघाड कमी वेळा, पण गेल्या तर चार खुर्च्या जाणार. दुरुस्तीला सारखाच वेळ लागला तर वर्षभरात वाया गेलेले खुर्ची-दिवस दोन्हीकडे सारखेच भरतात! आता दुरुस्तीला सारखाच वेळ लागतो का, हे मला विचारा. चार खुर्च्या बंद पडल्या की त्याच दिवशी फोन येतो, कधी कधी शिव्यांसकट. एक खुर्ची बंद पडली की फोन येतच नाही. मॉनिटरवर 'बंद आहे' अशी चिठ्ठी लागते, पोरं शेजारच्या खुर्चीवर सरकतात, महिन्याने त्या डब्यातली रॅम दुसऱ्यात जाते, मग कीबोर्ड जातो, मग त्यावर रजिस्टरं ठेवायला लागतात. मी अशा लॅबमध्ये गेलोय जिथे दहापैकी सहा जागा अशा मेल्या होत्या आणि हजेरीपटावर लॅब 'चालू' होती. मोठा बिघाड बोंब मारतो म्हणून दुरुस्त होतो. आणि तीनच डबे असले की एक तगडा यूपीएस, एक जादा एसएमपीएस, एक जादा एसएसडी कपाटात ठेवणं परवडतं, बारांसाठी तेच कोणी करत नाही.

नागपूरच्या उन्हाळ्याचं तर एक्सेल शीटमध्ये कलमच नाही. पारा ४५ च्या वर गेला की लॅबच्या खिडकीत डेझर्ट कूलर लागतो, तो खसमधून ओली हवा आणि रस्त्यावरची धूळ दोन्ही आत ढकलतो. गेल्या जूनमध्ये एका क्लासचा डबा उघडला, प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या हीट सिंकच्या पात्यांमध्ये धूळ नुसती साचलेली नव्हती, ओल लागून तिचा लेप झाला होता, ब्रशने निघेना, शेवटी हीट सिंक सोडवून पात्या सुईने खरवडल्या. फॅन फिरत होता पण हवा जायला जागाच नाही, मशीन तापून आपणच मंद होत होतं आणि सर म्हणत होते व्हायरस आहे. असे बारा डबे वर्षातून दोनदा उघडून साफ करणार कोण? तीन असतील तर मी एका दुपारी करतो. यूपीएसच्या बॅटऱ्याही आपल्या उन्हात लवकर मरतात. बारा छोट्या यूपीएसपैकी कोणती मेली हे लाइट जाईपर्यंत कळत नाही.

खासगीपणाची भीती पण आहे, एकाच मशीनमध्ये चौघांच्या फायली, कोणी कोणाचं बघेल. बघितलंय, खरंच. एमआयटीच्या त्याच सिस्टीमवर १९६२ मध्ये अॅलन शेर नावाच्या संशोधकाने स्वतःला ठरवून दिलेला वेळ पुरेना म्हणून पासवर्डची फाईलच छापून घेतली होती. आणि १९६६ मध्ये दोन फायलींची अदलाबदल होऊन लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला स्वागताच्या संदेशाऐवजी सगळ्यांचे पासवर्ड दिसले. पण आपल्याकडच्या सुट्या डब्यांवर काय चालतं? प्रत्येकावर एकच खातं, नाव 'यूजर', पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला, आणि डाउनलोडच्या फोल्डरमध्ये गेल्या सहा महिन्यांत आलेल्या प्रत्येकाचं आधार, जातीचा दाखला, मार्कशीट पडलेली. वाटलेल्या मशीनवर निदान प्रत्येकाला आपलं खातं काढून दिलं की फायली ज्याच्या त्याच्या. कीबोर्डच्या मांडणीचंही तसंच, एकाला मराठी रेमिंग्टन लागतो, दुसऱ्याचा हात इनस्क्रिप्टवर बसलेला, सुट्या डब्यावर आधीच्याने काय ठेवलं हे शोधण्यात पाच मिनिटं जातात, इथे खात्याबरोबर तुमचा कीबोर्ड येतो, त्या मशीनच्या कोणत्याही खुर्चीवर बसा.

आता ज्यावर महिनाभरात एकही मेसेज आला नाही तो मुद्दा, सांभाळणार कोण. पूर्व विदर्भातले मामा तलाव, म्हणजे मालगुजारांच्या (गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या) काळातले माजी मालगुजारी तलाव, भंडारा-गोंदियाकडे गेलात तर आजही दिसतात, हजारोंनी होते. कोहळी समाजातल्या लोकांनी बांधलेले, गाळ कधी काढायचा, पाणी कोणाच्या बांधीत (भाताच्या शेतात) आधी जाणार, सगळं ठरलेलं. १९५०-५१ मध्ये मालगुजारी गेली, ती जायलाच हवी होती, मालगुजार काही संत नव्हता आणि पाणीही सगळ्यांना सारखं मिळत नव्हतं. पण त्याबरोबर तलाव सरकारकडे गेले आणि 'पाळ (तलावाचा बांध) फुटली तर कोण धावणार' या प्रश्नाला गावात उत्तर उरलं नाही, कितीतरी तलाव गाळाने भरले. वाटून वापरायची वस्तू वाटेकऱ्यांमुळे मरत नाही, धावणारा नसला की मरते. सुट्या वस्तूंना हा प्रश्न उशिरा पडतो एवढंच, म्हणून सुट्या वस्तू सोप्या वाटतात.

तर परवा मी ग्रुपवर एवढंच विचारलं, तीन मशीनच्या कपाटाची चावी कोणाकडे राहणार, खाती कोण काढून देणार, आणि मी हिंगण्याला कामावर असलो तर एसएमपीएस कोण बदलणार? अब्रूवाले गप्प, शीटवाले गप्प, दोन निळ्या टिकांशिवाय काही नाही. रात्री साडेदहाला तिथे अभ्यासाला येणाऱ्या एका मुलीचा मेसेज आला, "दादा, सकाळी सहाला मीच उघडते, चावी माझ्याकडे राहू द्या. खाती काढायला जमेल. पण एसएमपीएस मला नाही बदलता येत." मी लिहिलं, रविवारी दहाला ये, जुना डबा आणतो, तूच खोलायचा. तिने लगेच विचारलं, स्क्रू ड्रायव्हर कोणता आणू.